भुकेचें मोजमाप

दुष्काळांत सांपडलेल्या माणसाला जगण्यापुरतें अन्न द्यावयाचें, तर तें किती द्यावयाचें? हा प्रश्न ऐकावयास साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर लाखों जीव अवलंबून राहिलेले आहेत. सन १८७७ च्या आरंभीं दख्खनांत व मद्रास इलाख्यांत भीषण दुष्काळ चालू होता. त्या वेळीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनीं असें ठरविलें कीं, दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषास दिवसाला दीड रत्तलाऐवजीं एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढें पुरे आहे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं या मापाला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं हजारोंच्या संख्येनें कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. वाद जोराचा झाला. पण त्या वादांत एक मोठी उणीव होती. अर्धपोटीं राहणाऱ्या माणसाच्या देहांत व मनांत दिवसामागून दिवस काय घडत जातें, याचें पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काळजीपूर्वक मोजलेलें टिपण दोहोंपैकीं एकाहि पक्षापाशीं नव्हतें.

असें टिपण तयार होऊं लागण्यास आणखी ६७ वर्षें जावीं लागलीं. तें काम केलें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या एका प्राध्यापकानें. त्याचें नांव अँसेल कीज. पुढें याच प्राध्यापकानें हृदयविकाराचा आणि आहाराचा संबंध शोधण्यांत आयुष्य वेंचलें, आणि आज प्रत्येक दवाखान्यांत लठ्ठपणा ज्या आंकड्यानें मोजतात त्या आंकड्याला त्याचें चालू नांवहि त्यानेंच दिलें. भूक, हृदय आणि लठ्ठपणा या तिन्ही विषयांवर एकाच माणसाचा ठसा उमटावा, हें विद्येच्या इतिहासांत क्वचित् घडतें. त्या ठशांत काय टिकलें आणि काय पुसावें लागलें, हें पाहण्यासारखें आहे.

अँसेल कीज यांचा जन्म २६ जानेवारी १९०४ रोजीं कोलोराडो संस्थानांतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथें झाला. मुलगा लहान असतांनाच कुटुंब कॅलिफोर्नियांत गेलें. मूक चित्रपटांच्या काळांत गाजलेला नट लॉन चेनी हा त्यांचा मामा. मुलगा बुद्धीनें तल्लख. प्राध्यापक टर्मन यांनीं कॅलिफोर्नियांतील असामान्य बुद्धीच्या मुलांची जी प्रसिद्ध पाहणी केली तींत त्याची निवड झाली होती. परंतु एका जागीं स्वस्थ बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. शाळा मध्येंच सोडून त्यानें लांकूडतोड्यांच्या तळावर काम केलें, खाणींत सुरुंगाची दारू वाहिली, आणि आरिझोनांतील एका गुहेंत वटवाघळांची विष्ठा खतासाठीं फावड्यानें उपसली. कॉलेजांत रसायनशास्त्र घेतलें, तेंहि सोडून तो जहाजावर यंत्रांना तेल घालणारा खलाशी होऊन चीनपर्यंत जाऊन आला. परत आल्यावर १९२५ सालीं बर्कलेच्या विद्यापीठाची पदवी मिळविली ती अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांची. १९२८ सालीं पुढील पदवी घेतली ती प्राणिशास्त्राची. आणि १९३० सालीं डॉक्टरेट मिळाली ती सागराच्या व जीवशास्त्राच्या अभ्यासाबद्दल.

या भटक्या विद्यार्थिदशेंतील एक लहानशी गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९२८ सालीं या तरुणानें माशाची लांबी व त्याचें वजन यांच्या नात्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. लांबी वाढली कीं वजन कोणत्या हिशेबानें वाढतें, हें गणितानें सांगण्याची ती खटपट होती. देहाचा आकार आंकड्यांत पकडावयाचा, हा छंद त्याला लागला तो असा. आणि तो पुढें आयुष्यभर सुटला नाहीं.

त्यानंतर कोपनहेगन येथें नोबेल पारितोषिक मिळविलेले ऑगस्ट क्रोग यांच्या हाताखालीं, आणि मग केंब्रिज येथें, कीज यांनीं माशांच्या शरीरक्रियांचा अभ्यास केला. खाऱ्या पाण्यांतील मासा अंगांत शिरलेलें मीठ कल्ल्यांच्या वाटे बाहेर कसें टाकतो, हा त्यांतला एक विषय. हार्वर्डला आल्यावर त्यांची दृष्टि माशांवरून माणसांकडे वळली. १९३५ सालीं दक्षिण अमेरिकेंत चिली देशांतील अँडीज पर्वतावर एक शास्त्रीय मोहीम गेली. सुमारे वीस हजार फुटांवरील विरळ हवेंत माणसाचें रक्त व श्वास यांत काय बदल होतो, हें तींत पाहण्यांत आलें. तेथें कीज यांनीं स्वतःच्याच देहावर प्रयोग करून घेतले. १९३६ सालीं ते मेयो संस्थेंत व लवकरच मिनेसोटा विद्यापीठांत आले. तेथें त्यांनीं जी प्रयोगशाळा उभारली ती विद्यापीठाच्या फुटबॉलच्या मोठ्या क्रीडांगणांत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खालीं. वर शनिवारीं हजारों लोक आरोळ्या ठोकीत असत आणि खालीं माणसांच्या नाड्या मोजल्या जात असत. १९३९ सालीं मार्गारेट हेनी या जीवरसायनशास्त्र जाणणाऱ्या सहकारिणीशीं त्यांचा विवाह झाला. पुढील पुष्कळ कामांत व लेखनांत या बाईंचा बरोबरीचा वांटा आहे.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांनीं खिशांत नेण्याजोगा शिधा तयार करण्याचें काम कीज यांच्याकडे आलें. बिस्किटें, सुकें मांस, चॉकलेट, गोळ्या अशा वस्तु त्यांनीं दुकानांतून आणून त्याचा पहिला नमुना सिद्ध केला. ‘के रेशन’ या नांवानें तो शिधा लाखों सैनिकांनीं खाल्ला. त्यांतील ‘के’ हें अक्षर कीज यांच्या आडनांवाचें, असें पुष्कळ लोक मानतात. सैनिक धडधाकट राहावा म्हणून किती अन्न हवें, हें ठरविण्याचा हा प्रकार झाला. त्याच वेळीं दुसरा, याहून अवघड प्रश्न समोर होता. युरोपांत जर्मनांच्या ताब्यांतील प्रदेशांत लोक उपाशी मरत होते. आपल्याकडे बंगालमध्यें १९४३ सालच्या दुष्काळानें लाखों माणसें गिळलीं होतीं. युद्ध संपेल तेव्हां या उपासमार झालेल्या कोट्यवधि लोकांना पुन्हा उभें करावयाचें तर कसें? काय द्यावें, किती द्यावें, किती दिवस द्यावें? याचें मोजून दिलेलें उत्तर कोणत्याहि ग्रंथांत मिळत नव्हतें.

त्या काळीं अमेरिकेंत क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरेन या शांततावादी ख्रिस्ती पंथांचे कांहीं तरुण होते. माणूस मारणें आपल्या विवेकबुद्धीला पटत नाहीं, असें सांगून त्यांनीं शस्त्र धरण्यास नकार दिला होता. कायद्यानें त्यांना लढाईऐवजीं लोकसेवेचीं कामें दिलेलीं होतीं. लोक त्यांना भित्रे म्हणत. आपणहि कांहीं तरी झीज सोसावी, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. कीज यांनीं त्यांच्यांत पत्रक वांटून विचारलें : दुसऱ्यांना नीट अन्न मिळावें म्हणून तुम्ही उपाशी राहाल काय? दोनशेंहून अधिक तरुण पुढें आले. त्यांतून देहानें व मनानें निरोगी असे ३६ जण निवडले. १९ नोव्हेंबर १९४४ रोजीं क्रीडांगणाच्या पायऱ्यांखालील त्या प्रयोगशाळेंत ते राहावयास आले.

पहिले बारा आठवडे त्यांना पोटभर, म्हणजे दिवसाला सुमारे ३२०० उष्मांकांचें अन्न दिलें. या काळांत त्यांचें वजन, नाडी, रक्त, शक्ति, दृष्टि, श्रवण, बुद्धि व मनःस्थिति यांचीं मापें घेऊन ठेवलीं. १२ फेब्रुवारी १९४५ पासून अन्न निम्म्यावर आलें. दिवसांतून दोनच जेवणें. त्यांत बटाटे, सलगमासारखीं कंदमुळें, काळा पाव आणि मॅकरोनी. युरोपांतल्या भुकेल्या माणसाच्या ताटांत जें पडत असे तेंच. सरासरीनें दिवसाला सुमारे १५७० उष्मांक. आणि हें खाऊन आठवड्याला २२ मैल चालणें भागच होतें. शिवाय प्रयोगशाळेंतील नेमलेलें काम व अभ्यास होताच. असे २४ आठवडे.

परिणाम हळूहळू दिसूं लागले. चेहरे ओढले गेले, बरगड्या वर आल्या, नाडी मंद झाली. ऐन उन्हाळ्यांत माणसें थंडीनें कुडकुडूं लागलीं. बसतांना हाडें टोंचत म्हणून खुर्चीवर उशी घेऊन बसण्याची पाळी आली. पायांवर सूज चढली. देह जणूं एखाद्या काटकसरी गृहिणीसारखा वागूं लागला; स्वस्थ पडून असतांना जेवढी उष्णता खर्च होते तीहि त्यानें सुमारे ४० टक्क्यांनीं कमी केली. चोवीस आठवड्यांअखेर प्रत्येकाच्या मूळ वजनांतील जवळजवळ चौथा हिस्सा नाहींसा झाला होता.

परंतु देहापेक्षां मनांत झालेला पालट अधिक विलक्षण होता. हे तरुण सुशिक्षित, ध्येयवादी, एकमेकांवर प्रेम करणारे. त्यांचें हंसणें, वादविवाद, गाणेंबजावणें हळूहळू बंद पडलें. राजकारण, धर्म, स्त्रीप्रेम यांतील कशाचीहि गोडी उरली नाहीं. बोलण्यांत, वाचण्यांत, स्वप्नांत एकच विषय राहिला, तो म्हणजे अन्न. स्वतः कधीं चूल न पेटविलेले तरुण पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवून तासन् तास वाचीत बसत. कोणी ताटांतल्या पदार्थांत पाणी घालून जेवण लांबवी. कोणी ताट चाटून पुसून ठेवी. च्युइंग गम चघळण्याला व कॉफी पिण्याला सुमार राहिला नाहीं, तेव्हां त्यावर मर्यादा घालावी लागली. बाहेर गेल्यावर कोणी चोरून खाल्लें असें आढळल्यावर कोणीहि एकट्यानें बाहेर जाऊं नये, सोबत जोडीदार असावा, असा नियम करावा लागला. शेजारच्या माणसाचें जेवण्याचें वळण पाहून संताप यावा, इतकीं मनें चिडकीं झालीं. मात्र बुद्धीच्या कसोट्या घेतल्या तर त्यांत फारसा उणेपणा दिसेना. बुद्धि जागेवर होती. तिला चालविणारी इच्छाच आटली होती. कांहीं जणांना नियम पाळणें अशक्य झालें. शेवटपर्यंत ज्यांचीं मापें धरतां आलीं असे ३२ जण राहिले.

जुलै १९४५ च्या अखेरीस उपासमार संपली व पुन्हा पोसण्याचा भाग सुरू झाला. तरुणांचे गट पाडून कोणाला थोडें, कोणाला अधिक असें अन्न वाढवून दिलें. कांहींना जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, कांहींना प्रथिनें जास्त दिलीं. निष्कर्ष अगदीं साधा निघाला. गोळ्यांनीं कांहींच विशेष झालें नाहीं; ज्याला अन्नच अधिक मिळालें तो सुधारला. ज्यांना थोडेंच वाढवून दिलें ते आठवड्यांमागून आठवडे जवळजवळ तसेच राहिले. खंगलेल्या प्रौढ माणसाला पुन्हा उभें करावयाचें तर कित्येक महिने रोज सुमारे ४००० उष्मांक पोटांत गेले पाहिजेत, असें कीज यांनीं सांगितलें. सरकारी भूतदयेचीं बहुतेक मापें याहून पुष्कळ कमी असतात. एका रत्तल धान्यावर खडी फोडावयास लावणाऱ्या १८७७ सालच्या हुकुमाला उत्तर मिळालें तें असें. फक्त ज्यांना तें हवें होतें ते सर्व केव्हांच गेले होते.

आणखी एक गोष्ट दिसली. ज्या बारा जणांना प्रयोगशाळेंतच ठेवून अखेरीस मनसोक्त खाण्याची मुभा दिली, त्यांची भूक पोट भरल्यावरहि भागेना. पोट दुखेपर्यंत जेवावें आणि तरी जेवणाचीच आठवण यावी, अशी स्थिति कित्येक आठवडे राहिली. देहानें गमावलेली चरबी स्नायूंच्या आधीं भरून काढली, आणि कित्येकांचीं वजनें मूळच्यापेक्षां वर गेलीं. उपाशी ठेवलेला देह मागची उधारी व्याजासह वसूल करतो, हा धडा भुकेच्या प्रयोगांतूनच मिळाला.

युरोपांतील युद्ध मे १९४५ मध्येंच संपल्यामुळें या निष्कर्षांची वाट पाहण्यास वेळ नव्हता. मदतकार्यावर निघालेल्या स्वयंसेवकांसाठीं १९४६ सालीं एक लहान पुस्तिका काढण्यांत आली. मुख्य ग्रंथ १९५० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याचीं पृष्ठें १३०० हून अधिक आहेत. माणसांवर असा प्रयोग करण्यास आजचे नियम संमति देणार नाहींत; म्हणून भुकेविषयीं लिहिणारे अजूनहि याच ग्रंथाकडे वळतात. त्या ३६ जणांपैकीं अठरा जणांच्या मुलाखती २००३-०४ च्या सुमारास, त्यांच्या उतार वयांत, घेण्यांत आल्या. आपण केलें तें योग्यच केलें आणि वेळ आली तर पुन्हा करूं, असेंच त्यांचें म्हणणें पडलें.

आपल्या भाषेंत उपवास आणि उपासमार असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद आपण सहज विसरतों. उपवास माणूस स्वतः धरतो व स्वतःच सोडतो. एकादशी संपली कीं द्वादशीचें पारणें ठरलेलें असतें. मिनेसोटांतील तरुणांचाहि एका अर्थीं उपवासच होता. तो स्वेच्छेचा होता आणि त्याची शेवटची तारीख त्यांना ठाऊक होती. तरीहि त्यांच्या मनाची ही दशा झाली. मग ज्याला शेवटची तारीख ठाऊक नाहीं, ज्याचीं मुलें शेजारीं रडत आहेत, त्याच्या चिडण्याला, चोरीला, कामचुकारपणाला स्वभावदोष म्हणणें कितपत न्यायाचें? भुकेल्या समाजापुढें लोकशाहीच्या गोष्टी बोलणें निरर्थक आहे, आधीं त्याला जेवूं घाला, अशा अर्थाचें कीज तेव्हां बोलले होते. भूक हा चारित्र्याचा दोष नव्हे, ती चारित्र्यालाच खाऊन टाकते, हा त्या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय.

युद्धानंतर कीज यांचें लक्ष अगदीं उलट टोंकाकडे गेलें. युरोपांत अन्न तुटपुंजें असतांना हृदयविकारानें मरणाऱ्यांची संख्या घटली होती. उलट अमेरिकेंत खाऊन पिऊन सुखी असलेले व्यापारी ऐन पन्नाशींत छातींत कळ येऊन जात होते. १९४७ सालीं त्यांनीं मिनेसोटांतील सुमारे २८० व्यावसायिक गृहस्थांची वर्षानुवर्षें तपासणी करण्याचें काम सुरू केलें. १९५२ सालीं ते पत्नीसह नेपल्सला गेले. तेथील कष्टकरी लोक पाव, शेवया, भाज्या, कडधान्यें आणि ऑलिव्हचें तेल यांवर राहत, मांस क्वचित् खात. आणि त्यांच्यांत हृदयविकार फारच थोडा. मार्गारेटबाईंनीं रक्तांतील कोलेस्टेरॉल मोजलें, तें कमी भरलें. यांतूनच १९५८ सालीं ‘सात देशांची पाहणी’ सुरू झाली. अमेरिका, फिनलंड, हॉलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या देशांतील ४० ते ५९ वर्षें वयाचे १२,७६३ पुरुष तींत घेतले. फिनलंडच्या पूर्व भागांत लोणी व दूध यांची रेलचेल, आणि तेथें हृदयविकार सर्वांत जास्त. ग्रीसमधील क्रीट बेटांत व जपानांत तो सर्वांत कमी. प्राण्यांच्या चरबीनें रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढतें व त्यामुळें हृदयाच्या वाहिन्या चोंदतात, हें मत या पाहणीनें जगभर गेलें. १९६१ सालच्या जानेवारींत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कीज यांचें चित्र झळकलें.

मतभेदहि लागलेच होते. १९५३ सालीं कीज यांनीं सहा देशांचे आंकडे घेऊन चरबी व हृदयविकार यांचा आलेख काढला होता. १९५७ सालीं येरुशाल्मी व हिलेबो या दोघांनीं दाखविलें कीं, आंकडे २२ देशांचे उपलब्ध होते, आणि ते सर्व मांडले तर ती रेषा इतकी सरळ राहत नाहीं. लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन म्हणत, गुन्हेगार चरबी नसून साखर आहे. कीज यांनीं त्यांची संभावना अतिशय कडक शब्दांत केली. सर्वांत बोलकी गोष्ट मिनेसोटांतलीच आहे. १९६८ ते १९७३ या काळांत वेड्यांचीं इस्पितळें व एक वृद्धाश्रम येथील नऊ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. कांहींना नेहमींचें जेवण, कांहींना प्राणिज चरबीच्या जागीं मक्याचें तेल. प्रमुख आयव्हन फ्रँट्झ, आणि त्यांच्या जोडीला कीज. तेलवाल्यांचें कोलेस्टेरॉल उतरलें, पण मरणाचें प्रमाण उतरलें नाहीं. हा निकाल छापून आला तो १९८९ सालीं, आणि मागें राहिलेले आंकडे फ्रँट्झ यांच्या घरच्या तळघरांतील पेट्यांतून निघून २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल हृदयाला घातक आहे हें मत त्यानंतरच्या पुष्कळ पुराव्यांनीं बळकटच झालें आहे. पण ताटांतल्या एकाच पदार्थावर सगळा दोष टाकण्याचा मार्ग किती निसरडा असतो, हें त्या पेट्यांनीं शिकविलें. जें मत मांडावें त्याच्या विरुद्ध जाणारें माप आधीं छापावें, ही शिस्त माशांच्या मापांइतकी माणसांच्या मापांत पाळली गेली नाहीं.

कीज दांपत्यानें सर्वसामान्य गृहिणींसाठीं १९५९ सालीं आहारावर एक पुस्तक लिहिलें. त्याच्या विक्रीच्या पैशांतून दक्षिण इटलींत समुद्रकांठीं पियोप्पी गांवीं घर बांधलें व पुढें पुष्कळ वर्षें तेथें काढलीं. १९६७ सालीं दोघांनीं केवळ शेंगांच्या व कडधान्यांच्या गुणांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. मटकीची उसळ आणि तुरीचें वरण यांवर वाढलेल्या आपल्या घरांना त्यांत नवल वाटणार नाहीं. पण मांसाच्या ताटाला प्रतिष्ठा देणाऱ्या अमेरिकेला तें सांगावें लागलें.

आतां लठ्ठपणाकडे वळूं. येथें या थोर संशोधकाच्या आयुष्यांतील विसंगति उघड दिसते. ज्यानें भुकेपुढें माणसाची इच्छाशक्ति कशी वितळते हें ग्राम ग्राम मोजून दाखविलें, तोच १९६१ सालीं ‘टाइम’च्या प्रतिनिधीपाशीं म्हणाला कीं, लठ्ठपणा ही अनीति आहे ही जुनी समजूत पुन्हा पसरली तर लठ्ठ माणूस विचार करूं लागेल. उपाशी माणसाच्या चोरीला त्यानें क्षमा केली. लठ्ठ माणसाच्या घासाला मात्र केली नाहीं. अन्न तोडून वजन उतरविणाऱ्याच्या मनांत अन्नाचेच विचार कां घोळतात, आणि उतरविलेलें वजन पुन्हा कां चढतें, याचीं उत्तरें शोधणारे पुढील पिढीचे अभ्यासक वळले ते त्याच १९५० सालच्या ग्रंथाकडे. शिष्यांना जें गुरूच्या ग्रंथांत दिसलें तें गुरूला दिसलें नव्हतें.

तरीहि मापाच्या बाबतींत त्यांनीं एक मोठें काम केलें. विमा कंपन्यांचीं जुनीं कोष्टकें उंचीप्रमाणें ‘आदर्श’ वजन सांगत. कीज यांना तीं मान्य नव्हतीं. बेल्जियमचे गणिती क्वेटले यांनीं १८३५ सालींच असें नमूद केलें होतें कीं, प्रौढ माणसांचें वजन उंचीच्या वर्गाच्या हिशेबानें वाढतें. १९७२ सालीं कीज व त्यांचे सहकारी यांनीं पांच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांचीं मापें घेऊन निरनिराळीं सूत्रें ताडून पाहिलीं. किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें, हें सूत्र इतरांच्या तोडीचें व वापरण्यास सोपें ठरलें. त्याला त्यांनीं ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. माशांच्या लांबीपासून सुरू झालेला छंद ४४ वर्षांनीं येथें येऊन थांबला. हें माप समूहांची तुलना करण्यासाठीं होतें. एकेका माणसाच्या देहांतील चरबी त्यानें नेमकी सांगतां येते, असा दावा त्या निबंधांत नव्हता. शिवाय मोजलेले सर्व पुरुष. स्त्री त्यांत एकहि नव्हती, आणि त्या पांच देशांत हिंदुस्थान नव्हता. परंतु सोपें माप हातीं आलें कीं त्याच्या मर्यादा कोण वाचतो? पुढें तेंच जगभर निरोगी व रोगी यांची सीमारेषा होऊन बसलें.

या मापाची कसोटी लागली ती पुण्यांत. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहावर काम करीत असतां त्यांना दिसे कीं, आपल्याकडचे कित्येक रोगी मुळींच लठ्ठ नसतात. १९९३ सालीं पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती मातांची पाहणी त्यांनीं व सहकाऱ्यांनीं सुरू केली. तेथील नवजात बाळाचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळाचें ३.५ किलो. पुण्याचें बाळ लहान, हातपाय काटकुळे. पण मोजून पाहतां त्याच्या देहांत चरबीचा वांटा मात्र राखलेला. दिसावयास बारीक आणि आंतून चरबीयुक्त, असें हें आपलें बाळ. २००४ सालीं डॉ. याज्ञिक यांनीं लंडनच्या एका सहकाऱ्याबरोबर स्वतःचेंच छायाचित्र शास्त्रीय मासिकांत छापलें. दोघांचाहि बॉडी मास इंडेक्स अगदीं सारखा, २२.३. परंतु लंडनच्या डॉक्टरांच्या देहांत चरबी ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांच्या देहांत २१.२ टक्के. पांच देशांच्या पुरुषांवर बेतलेल्या फूटपट्टीनें सहाव्या देशाचा देह मोजला तर काय चुकतें, हें त्या एका चित्रानें सांगितलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनींहि त्याच वर्षीं आशियाई लोकांसाठीं सावधगिरीची रेषा २३ वर धरावी, असें सुचविलें.

अँसेल कीज २० नोव्हेंबर २००४ रोजीं मिनियापोलिस येथें वारले. त्यांच्या वयाला त्या वर्षीं शंभर वर्षें पूर्ण झालीं होतीं. ज्या गरीब भूमध्यसागरी जेवणाची त्यांनीं वाखाणणी केली तें २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदविलें. त्या नोंदींत पियोप्पीच्या परिसराचाहि समावेश आहे.

एका रत्तल धान्याच्या हुकुमापासून बॉडी मास इंडेक्सच्या आंकड्यापर्यंत हा प्रवास सुमारे शंभर वर्षांचा आहे. त्यांत मोजण्याचीं साधनें सूक्ष्म झालीं, आणि ज्याला मोजावयाचें त्याच्याबद्दलचा निवाडा मात्र पुष्कळदां मापाच्या आधींच ठरून गेला. टेंपलसाहेबांनीं भुकेल्या मजुराला आळशी मानलें, आणि त्यांच्या मापानें तें लपविलें. कीज यांनीं लठ्ठ माणसाला अनीतिमान मानलें, आणि त्यांच्याच ग्रंथानें तें खोडून काढलें. कमी खाणारा असो वा जास्त खाणारा असो, त्याच्या घासामागें देहाचा एक जुना हिशेब चालू असतो, हें त्या ३६ तरुणांनीं आपल्या अंगावरचें मांस खर्चून दाखवून दिलें आहे. पुढच्या वेळीं कोणाच्या ताटाकडे पाहून कोणी हंसूं लागला, तर त्या तरुणांची आठवण त्याला कोणीतरी करून द्यावी.